वास येण्याआधीच मासा उतरतो: बाजारापासून कढईपर्यंत

मे महिन्यातली गोष्ट. बेलापूरला एक काम उरकलं आणि जाता जाता दिवाळे गावातून सुरमई घेतली. तिथेच तुकड्या करून घेतल्या, दोन पिशव्यांत गुंडाळल्या आणि ट्रान्सहार्बरची गाडी पकडली. ठाण्याला उतरल्यावर कोपरीत एका मैत्रिणीकडे 'पाच मिनिटं' टेकले. घरी पोचेपर्यंत चार तास झाले होते. तुकडी नाकाला लावून पाहिली, वास नव्हता. रात्री कालवण केलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "कुठून आणलीस गं ही? नुसता कापूस लागतोय." रश्श्याच्या शेवटी जिभेवर किंचित कडवटही लागत होतं.

मी बरीच वर्षं बीएस्सीच्या मुलांची बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते. 'आयएमपी चविष्ट, हायपोझँथिन कडू' (दोन्ही माशाच्या मांसात तयार होणारी रसायनं) हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण स्वतःच्या ताटात ते त्या रात्री पहिल्यांदा ओळखलं. मासा नासला नव्हता. उतरला होता. आपण आमटी उतरली म्हणतो तेच, फक्त इथे तो पायरी पायरीने उतरतो आणि प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, बसलेलं असतं. त्या पायऱ्या माहीत असल्या की कोणता मासा घ्यायचा, कसा आणायचा, कधी शिजवायचा, हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी शिडी समजून घ्या

माशाच्या स्नायूत ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी. एटीपी हा प्युरीन न्यूक्लिओटाइड आहे: अॅडेनिन हा प्युरीन (नायट्रोजन असलेला दोन कड्यांचा रेणू), त्याला रायबोज साखर आणि तिला तीन फॉस्फेट. दोन फॉस्फेट उरले की एडीपी, एक उरला की एएमपी. मासा जिवंत असताना एटीपी खर्च होतो आणि पुन्हा तयारही होतो. मेल्यावर रक्तातून येणारा प्राणवायू थांबतो, नवा एटीपी बनत नाही, पण तो खर्च करणारी एन्झाइमं मात्र कामावर असतात.

पहिला हात मारतात एटीपेज. एटीपीचा एडीपी होतो. मग मायोकायनेज दोन एडीपी घेऊन एक एटीपी आणि एक एएमपी करतं, म्हणजे घरातली मोड वेचून शेवटचे दोन दिवस काढावेत तसं. तिसरं एएमपी डीअमायनेज. ते एएमपीमधला अमिनो गट काढतं, अमोनिया सुटतो आणि उरतो आयएमपी. इथवरचा प्रवास झपाट्याने होतो, बहुतेक माशांत काही तासांत, फार तर एक दिवसात.

आयएमपीवर मात्र गाडी थांबते. पुढचं एन्झाइम, ५-न्यूक्लिओटायडेज, संथ आहे. ते फॉस्फेट काढून आयनोसिन करतं. त्यानंतर न्यूक्लिओसाइड फॉस्फोरायलेज साखर तोडून हायपोझँथिन मोकळं करतं. या पायरीवर जंतूंची एन्झाइमंही हात धुऊन घेतात. शेवटी झँथिन ऑक्सिडेज हायपोझँथिनचं झँथिन आणि झँथिनचं यूरिक अॅसिड करतं.

यात आपल्या जिभेच्या कामाचं एकच नाव लक्षात ठेवा: आयएमपी. १९१३ साली जपानमध्ये शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशाच्या चवीमागे आयएमपी आहे हे दाखवलं. आपण ज्याला 'माशाला गोडी आहे' म्हणतो त्यात त्याचा मोठा वाटा असतो. आयनोसिनला धड चव नाही. हायपोझँथिन कडवट. माशाची चव जाते ती आयएमपी आणि आयनोसिन यांच्यामधल्या त्या संथ पायरीवर.

मग वास? तो दुसऱ्याच घड्याळावर चालतो. 'मासळीचा वास' म्हणतो तो मुख्यतः ट्रायमिथिलअमीनचा, आणि ते जंतू तयार करतात. जंतूंची संख्या वाढायला वेळ लागतो. एन्झाइमं तर आधीपासून स्नायूतच बसलेली असतात, त्यांना वाढायची गरज नाही. म्हणून नाक उशिरा सांगतं. वास नाही म्हणजे मासा ताजा, हे अर्धंच खरं.

बाजारात

चेंदणी कोळीवाड्याच्या आसपास राहण्याचा फायदा म्हणजे मासळीवाल्या मावशींशी वर्षानुवर्षांची ओळख. आमच्या मावशी बांगडा शेपटीकडून आडवा धरून दाखवतात. काठीसारखा ताठ राहिला तर म्हणतात, "बघ ताई, कडक हाय." त्यांनी मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाचं नाव ऐकलेलं नाही, पण चाचणी अचूक आहे. स्नायू सैल पडायला एटीपी लागतो. एटीपी संपला की अॅक्टिन (स्नायूतलंच दुसरं प्रथिन) आणि मायोसिन एकमेकांना धरून बसतात आणि मासा कडक होतो. कडक मासा याचा अर्थ एटीपी नुकताच संपलाय आणि आयएमपी भरात आहे. तेव्हा अगदी आत्ता मेलेल्या, लुसलुशीत माशापेक्षा कडक झालेला मासा चवीला सरस ठरू शकतो. 'फडफडता मासा' हा हट्ट निदान चवीसाठी तरी धरू नये.

कडकपणा गेलेला मासा लगेच टाकाऊ नसतो. मग डोळे पाहा (फुगीर आणि स्वच्छ, खोल गेलेले नकोत), कल्ले उघडून पाहा (लाल, तपकिरी नकोत), पोटाजवळ बोट दाबून पाहा. खळगा लगेच भरून आला पाहिजे.

ही कडकपणाची चाचणी बोंबलाला लावू नका. त्याच्या मांसात पाणीच इतकं की ताजा बोंबीलही लुळाच असतो. तिथे रंग बघायचा, मोतिया-गुलाबी झाक आणि तुकतुकी. मांदेलीसारखी बारीक मासळी वाट्यावर घेताना वाट्याच्या तळचे चारदोन उलटून पाहा. वरचे दर्शनी असतात. छोट्या माशात या सगळ्या पायऱ्या लवकर उतरतात, त्यामुळे मांदेली आणली की त्याच दिवशी तळायची.

मासा पकडताना किती तडफडला यावरही फरक पडतो. जाळ्यात तासन्‌तास झुंजलेला मासा मरतानाच एटीपी संपवून बसलेला असतो. हे आपल्याला बाजारात कळत नाही, पण एकाच पाटीतले दोन मासे चवीला वेगळे का लागतात याचं एक कारण ते आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत 'आजचं पापलेट' असं कुणी म्हटलं तर आधी हसून घ्या, मग ते बर्फातलं आहे की फ्रीझरमधलं ते विचारा. त्या दिवसांत मी खाडीची मासळी किंवा सुकी मासळी बघते.

माकूल, तिसऱ्या, चिंबोऱ्या यांची शिडी वेगळी आहे. माकूल आणि शिंपल्यांमध्ये एएमपी डीअमायनेज अगदीच कमी. तिथे एएमपीचा आधी अॅडेनोसिन होतो, मग अॅडेनोसिन डीअमायनेज त्याचा आयनोसिन करतं. म्हणजे आयएमपीचा थांबा वगळून गाडी दुसऱ्या रुळाने जाते. त्यांत एएमपीच साचून राहतो आणि त्यांच्या गोडसर चवीत ग्लायसिनसारख्या अमिनो आम्लांबरोबर त्याचाही हात असतो. व्यवहारात एवढंच: तिसऱ्या जिवंत घ्या (टकटक केल्यावर तोंड मिटणाऱ्या), चिंबोरी जिवंत घ्या. कोळंबीच्या डोक्याजवळ येणारा काळा डाग मात्र या शिडीतला नाही. ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेजचं काम, चिरलेलं वांगं काळं पडतं तेच. दिसायला वाईट, पण त्यावरून मांस किती उतरलं ते कळत नाही.

बाजार ते घर: माझी चूक इथे झाली

एन्झाइमचा वेग तापमानावर असतो. थंड पाण्यातल्या माशांसाठी एक जुना ढोबळ हिशोब आहे: शून्य अंशाला मासा उतरण्याचा जो वेग, त्याच्या सव्वादोन पट पाच अंशांना आणि चौपट दहा अंशांना. ठाण्यातली मे महिन्याची दुपार बत्तीस-चौतीस अंशांची. हिशोब तुम्हीच करा. माझ्या सुरमईने पाटीत बर्फावर एक-दोन दिवस आधीच काढलेले असणार. उरलेलं काम माझ्या पिशवीतल्या चार तासांनी केलं.

आता माझा नेम असा आहे. गाडीने जायचं असलं तर एक छोटा थर्मोकोलचा डबा किंवा आतून चंदेरी अस्तर असलेली पिशवी बरोबर नेते. एक किलो माशाला एक किलो बर्फ. ऐकायला जास्त वाटतं, पण बराचसा बर्फ मासा गार करण्यातच वितळतो. मोठा खडा नको, फोडलेला बर्फ हवा, म्हणजे तो माशाला सगळीकडून टेकतो. खाली बर्फ, मध्ये मासा, वर बर्फ. मासा पिशवीत बांधूनच ठेवायचा, कारण आयएमपी पाण्यात विरघळतो. तुकड्या बर्फाच्या पाण्यात डुंबत राहिल्या की चव त्या पाण्याबरोबर जाते. बर्फ मासळीवाल्या मावशींकडेच मिळतो, दोन पैसे जास्त द्यायचे.

तासाभराच्या पुढे प्रवास असेल तर मी तुकड्याही करून घेत नाही. अख्खा मासा, फक्त पोट आणि कल्ले काढलेला. आतड्यांत पचनाची एन्झाइमं असतात, जंतूही असतात, ते घरी कशाला आणा? पण कापलेल्या तुकडीला उघडी बाजू जास्त, त्यामुळे कापायचं काम घरी.

बांगडा, सुरमई आणि कुपा यांच्याबाबतीत आणखी एक सूचना, आणि ही चवीची नाही. हे मासे गरमीत राहिले की काही जंतू त्यांच्या मांसातल्या हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात. तोंडावर लाली, डोकं ठणकणं, अंगावर गांधी, मळमळ. मासा दिसायला-वासाला ठीक असतानाही हे होऊ शकतं आणि शिजवल्याने हिस्टामिन जात नाही. आम्ही त्या दिवशी कापसावर सुटलो, एवढंच म्हणेन. आता बांगडा बर्फाशिवाय अर्ध्या तासापेक्षा जास्त फिरवत नाही.

घरी आल्यावर

वाहत्या पाण्याखाली पटकन धुवा. पातेल्यात पाणी भरून तासभर भिजत ठेवू नका. धुऊन कोरडा करा, हळद-मीठ लावा. हळद-मीठ जंतूंना थोडा अटकाव करतं, मांस घट्ट करतं, पण न्यूक्लिओटायडेजला त्याचं फारसं काही वाटत नाही. त्याला थांबवायला गारवा हवा किंवा आच.

फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. घरचा फ्रीज साधारण चार-पाच अंशांवर असतो आणि दिवसातून वीस वेळा उघडला जातो. रात्रीच्या जेवणासाठी सकाळी आणलेला मासा ठीक. परवासाठी ठेवायचा असेल तर फ्रीझर, आणि तोही आजच, उद्या 'राहिला म्हणून' नव्हे. उतरलेला मासा गोठवला की उतरलेलाच गोठतो.

गोठवताना तुकड्यांचा गोळा करून एका डब्यात कोंबू नका. मधल्या तुकड्या तासन्‌तास उणे एक ते उणे पाच अंशांच्या पट्ट्यात रेंगाळतात. तिथे पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेल्या थोड्या पाण्यात एन्झाइमं आणि त्यांचं खाद्य दाट होतात. काही माशांत या पट्ट्यात न्यूक्लिओटाइड अपेक्षेपेक्षा वेगाने तुटतात. एकेक तुकडी सुटी, पिशवी चपटी, हवा काढलेली. गोठलेला मासा पुन्हा वितळवतानाही तोच पट्टा आडवा येतो. ओट्यावर दुपारभर ठेवण्यापेक्षा रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवून ठेवा. कालवणात टाकायच्या पातळ तुकड्या तर मी गोठलेल्याच उकळत्या रश्श्यात सोडते.

कढईत

आच लागली की एन्झाइमची घडी मोडते आणि शिडी तिथल्या तिथे गोठते. पण हळूहळू कोमट होत जाणाऱ्या वाटणात मासा ठेवला तर मधल्या वेळात न्यूक्लिओटायडेजला उलट ऊब मिळते. म्हणून वाटण आधी उकळू द्या, मग मासा. आमच्या सासूबाई हे पहिल्यापासून असंच करतात. कारण विचारलं तर 'मासा फुटत नाही' म्हणतात. तेही खरं.

ग्लुटामेट (चव आणणारं एक अमिनो आम्ल) आणि आयएमपी एकत्र आले की दोघांची चव नुसती बेरीज होत नाही, कितीतरी पट वाढते. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर. आमच्या घरी कालवणात टोमॅटो निषिद्ध आहे, कोकम किंवा चिंच. पण उतरलेली सुरमई घरात आलीच तर मी गुपचूप एक टोमॅटो वाटणात घालते. उरलासुरला आयएमपी त्याने उचलला जातो. सुकटीच्या चटणीत कांदा-टोमॅटो परतून घालतात, तीही हीच जोडी.

कॉलेजातल्या मुलांसाठी थोडं जास्त

शिडीवर मासा कुठे आहे हे आकड्यात सांगायला १९५९ साली साइतो, आराई आणि मात्सुयोशी या जपानी संशोधकांनी 'के-मूल्य' सुचवलं. आयनोसिन आणि हायपोझँथिन यांची बेरीज, भागिले एटीपीपासून हायपोझँथिनपर्यंतच्या सहाही संयुगांची बेरीज, गुणिले १००. समजा एका नमुन्यात ग्रॅममागे एटीपी, एडीपी आणि एएमपी मिळून १, आयएमपी ७, आयनोसिन १.५ आणि हायपोझँथिन ०.५ मायक्रोमोल आहे. वर २, खाली १०, के-मूल्य २० टक्के. ढोबळमानाने २० च्या आतला मासा जपानमध्ये कच्चा खाण्याजोगा मानतात. साठच्या पुढे गेला की नको.

प्रॅक्टिकलला मांस गार परक्लोरिक आम्लात कुटून घ्या. आम्लाने एन्झाइमं तिथेच मरतात, नाहीतर नमुना कुटता कुटताच उतरत जातो. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून गाळून घ्या. एचपीएलसी (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) असेल तर २५४ नॅनोमीटरवर सगळी संयुगं वेगळी दिसतात. नसेल तर झँथिन ऑक्सिडेज घालून तयार होणारं यूरिक अॅसिड २९० च्या आसपास मोजा. त्यावरून हायपोझँथिन कळतं. एक तुकडी बर्फात आणि एक टेबलावर ठेवून दर दोन तासांनी मोजलीत तर वर्गात वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. (वापरलेली तुकडी मांजरालाही घालू नका, आम्ल आहे.)

तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: जिवंत स्नायूत हीच एन्झाइमं असून आपण का उतरत नाही? कारण जिवंतपणी शिडी चढताही येते. ठाणे स्टेशनचा पूल धावत चढलात तर तुमच्या मांडीतही एएमपी डीअमायनेज आयएमपी बनवतं. थोडा दम खाल्ला की अॅडेनिलोसक्सिनेट सिंथेटेज आणि अॅडेनिलोसक्सिनेट लायेज ही दोघं आयएमपीचा पुन्हा एएमपी करतात. हायपोझँथिनपर्यंत घसरलेलंही एचजीपीआरटी नावाचं एन्झाइम उचलून परत आयएमपीवर आणून ठेवतं. चढायला ऊर्जा लागते, आणि मेलेल्या माशाकडे नेमकी तीच नसते. एचजीपीआरटी जन्मतःच जवळजवळ नसेल तर यूरिक अॅसिडचा पूर येतो आणि मेंदूवरही परिणाम होतो; तो लेश-नायहन आजार, १९६४ मध्ये वर्णिलेला.

घरात कुणाचा अंगठा दुखत असेल तर

माझ्या वडिलांना गाउट आहे. शिडीची शेवटची पायरी, यूरिक अॅसिड, रक्तात डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेली की तिचे स्फटिक धरायला लागतात, आणि त्यांना पायाच्या अंगठ्याचं मूळ आवडतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज हे एन्झाइम यूरिक अॅसिड पुढे तोडतं. माणसात त्याचं जनुक निकामी झालंय, म्हणून आपली शिडी तिथेच संपते.

वडील अॅलोप्युरिनॉल घेतात. हा रेणू दिसायला जवळपास हायपोझँथिनसारखा. झँथिन ऑक्सिडेज त्यालाच धरून बसतं आणि अडकतं. ते बनवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. गोळी सुरू असणाऱ्याला अॅझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन (प्रतिकारशक्ती दाबायला किंवा रक्ताच्या कर्करोगावर देतात ती औषधं) द्यायची वेळ आली तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा. त्या औषधांनाही झँथिन ऑक्सिडेजच निकामी करतं. ते अडकलं की ती अंगात साचतात आणि रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. ही गोळी स्वतःहून सुरू करू नका, बंदही करू नका.

शरीरातल्या यूरिक अॅसिडचा मोठा भाग आपल्याच पेशींतून येतो, जेवणातून थोडा. त्यामुळे मासे पूर्ण तोडण्याची सक्ती डॉक्टरांनी वडिलांवर केली नाही. प्रमाण आणि प्रकार ठरवून दिला. सुका जवळा, सुकट, मांदेली, तारली बंद, कारण सुकवल्यावर पाणी जातं आणि प्युरीन तेवढ्याच वजनात दाटतं. शिवाय बारीक मासळी आपण आतड्यांसकट खातो. आठवड्यातून एकदा पापलेटची किंवा रावसाची एक तुकडी चालते.

आणि प्युरीन पाण्यात उतरतं हे वर आलंच आहे. कालवण उकळलं की तुकडीतलं बरंचसं रश्श्यात येतं. सगळी गोडीही त्यातच. म्हणून मी त्यांची तुकडी आधी साध्या पाण्यात उकळून घेते, ते पाणी टाकते, मग तव्यावर थोड्या तेलात परतते. त्यांना ते मुळीच आवडत नाही. जेवताना ते माझ्याकडे न बघता सासूबाईंच्या वाटीकडे बघतात, आणि सासूबाई वाटी जरा आपल्याकडे ओढून घेतात.